स्क्रीन बदलेपर्यंत

दादाने लॅपटॉप कोपराने बंद केला. झाकण बोटांनी धरून खाली आणणं त्याला हल्ली जमत नव्हतं, म्हणून तो वरून कोपर टेकवून दाबायचा, आणि एरवी ते नीट व्हायचं. त्या सकाळी शर्टाला लावायचा बोटाच्या पेराएवढा माइक कीबोर्डवरच राहून गेला होता. वाळकी काडी मोडल्यासारखा आवाज झाला.

मुंगीने झाकण उघडलं. डावीकडे कागदावर शाई सांडावी तसा काळा डाग पसरला होता आणि उजवीकडे वरपासून खालपर्यंत हिरव्या-गुलाबी रेघा उमटल्या होत्या. मधल्या पट्टीत वाक्याची दोन-तीन अक्षरं तेवढी वाचता येत होती.

“काय दिसतंय?” दादाने खुर्चीतून विचारलं.

“तू,” ती म्हणाली. डागाच्या काळ्या भागात खरंच त्याचं प्रतिबिंब पडलं होतं.

“मग फार बिघडलेलं नाही. बघण्यासारखं आहे ते दिसतंय.”

मुंगी ही त्याची धाकटी बहीण. लहानपणी सांडलेल्या साखरेकडे मुंग्या नेमक्या कुठून येतात ते बघत ती भिंतीशी तासन्‌तास बसायची. तेव्हा दादाने ठेवलेलं नाव पदार्थविज्ञानाची पदवी मिळाली तरी सुटलं नाही. दादा तिच्याहून बराच मोठा, मोटार चालवायला शिकवणारा. त्याच्या हाताखाली शिकलेले लोक त्याला मास्तर म्हणत, आणि त्याचा आवाज बंद काचेतूनही रस्त्यावर ऐकू येतो अशी त्याची ख्याती होती. “भरवसा ब्रेकवर ठेवा काकू, देवावर नंतर!” हे त्याचं वाक्य आजूबाजूच्या पोरांना पाठ होतं. गेल्या वर्षी त्याचं लग्न ठरायच्या बेतात होतं. ठरला तो आजार. मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात, असा तो आजार होता. आधी हातांतली ताकद गेली. मग जीभ जड व्हायला लागली.

रुग्णालयात बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं. “वाचा जाणार. कधी, ते सांगता येत नाही. आवाज आहे तोवर साठवून ठेवा.” त्यांनीच तो प्रोग्रॅम दिला होता. लॅपटॉपवर एकेक वाक्य येतं, ते मोठ्याने वाचायचं. शेकडो वाक्यं वाचून झाली की त्यांतून यंत्र त्या माणसाचा आवाज तयार करतं. पुढे बोलता आलं नाही तरी टाइप केलेलं त्याच्याच आवाजात ऐकू येतं.

वाक्यं मात्र विचित्र होती. “उंटाने ओल्या ओसरीवर ऊस ओढला.” “झाडाखालचा झगा झटकून ठेव.”

“आयुष्यभर मी कधी उंटाचं नाव काढलं नाही,” दादा म्हणायचा. “वाचा गेल्यावर काढणार आहे का?”

“उंटासाठी नाही ते,” मुंगी समजावायची. “प्रत्येक आवाज प्रत्येक शेजाऱ्याबरोबर एकदा तरी यायला हवा. ‘क’नंतर ‘झ’ आला की ‘क’ वेगळा होतो. हे सगळे जोड गोळा करावे लागतात.”

“म्हणजे माझे तुकडे करून ठेवतेयस.”

“हो.”

“नीट कर. एखादा पडेल कुठेतरी.”

निम्म्याच्या थोडी पुढची वाक्यं झाली होती, तेव्हा स्क्रीन फुटली.

घरात दुसरा संगणक नव्हता. मुंगीकडे होता तो प्रयोगशाळेचा. दादाकडे बघायला म्हणून ती काम सोडून घरी आली तेव्हा तो तिने परत केला होता. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने लॅपटॉप उलटापालटा करून बघितला आणि ठेवून जा म्हणाला. सध्या गर्दी आहे, आणि आतलं काही पुसलं गेलं तर दुकानाची जबाबदारी नाही.

मुंगी लॅपटॉप छातीशी धरून परत आली. बाबांनी दारातच विचारलं, “कुठे गेली होतीस हा घेऊन?”

“दुकानात.”

“दुकानात?” बाबा असे बघायला लागले, जणू ती आईला गहाण टाकून आली होती. “या घरातली वस्तू दुकानात?”

बाबांची सगळी नोकरी कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रं दुरुस्त करण्यात गेली होती. त्यांच्या संसारात पंखा, इस्त्री, घड्याळ, आईच्या कुकरची शिट्टी न होणारी झाकणं, काहीच कधी दुरुस्तीला उंबऱ्याबाहेर गेलं नव्हतं. त्यांची पद्धतही ठरलेली होती. वस्तू उघडण्याआधी पुठ्ठ्यावर तिचं चित्र काढायचं, आणि जो स्क्रू जिथून निघेल तो चित्रात तिथेच टोचून ठेवायचा. “माणूस विसरतो, पुठ्ठा विसरत नाही,” असं ते म्हणत.

“स्क्रीन आपण बदलू,” बाबा म्हणाले. “मागव.”

“आधी उघडून स्क्रीनमागचा नंबर बघते. एकाच लॅपटॉपला दोन-तीन प्रकारच्या स्क्रीन बसवलेल्या असतात.”

“भाग हातात आल्याशिवाय यंत्र उघडायचं नाही.” हा कारखान्याचा नियम होता. उघडं यंत्र पडून राहिलं की आत सूत जातं, धूळ जाते, कुणीतरी स्क्रू लाथाडतं. “खाली लॅपटॉपचा नंबर आहे ना? तोच सांग.”

मुंगीला ते पटलं नव्हतं. पण दादाचा आजार कळल्यापासून बाबा घरात जवळजवळ बोलेनासे झाले होते. दादाने तोंड उघडलं की ते काहीतरी आठवल्यासारखं करून गॅलरीत जायचे आणि तिथे उगाच कुंड्या सरकवत बसायचे. आणि आज ते खुर्ची ओढून टेबलाशी बसले होते, पुठ्ठा शोधत होते, आईला कात्री मागत होते. तिने लॅपटॉपच्या पोटावरचा नंबर वाचला आणि स्क्रीन मागवली.

ती येईपर्यंत बाबांनी पुठ्ठ्यावर चित्र काढून ठेवलं. दादाच्या खुर्चीशेजारी बसून काढलं. कारखान्यात एकदा एका मुकादमाने स्वतःची बाही शिवून घेतली होती, ती गोष्ट सांगत सांगत काढलं. दादा हसला. हसताना त्याला ठसका लागला, आणि बाबा उठून गेले नाहीत. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, मग त्याच हाताने पट्टी धरून रेघ पूर्ण केली.

स्क्रीन आली तेव्हा आईसुद्धा बघायला आली. बाबांनी बॅटरी काढली. कडेचे रबराचे ठिपके टाचणीने उचलले, त्यांच्याखालचे स्क्रू निघाले तसे पुठ्ठ्यावर टोचले. चौकट सोडवायला मुंगीने वाचनालयाचं जुनं कार्ड घेतलं आणि फटीत घालून हळूहळू सरकवत नेलं. प्रत्येक खाचेशी कट्‌ आवाज व्हायचा आणि प्रत्येक वेळी आई डोळे मिटायची.

“मोडलं का?”

“नाही गं, सुटलं.”

“आवाज तर मोडल्यासारखाच येतो.”

फुटलेली स्क्रीन चार कोपऱ्यांच्या स्क्रूंवर होती. ती कीबोर्डवर पालथी घातल्यावर मागे वायर दिसली. चिकटपट्टीखाली नखाएवढा जोड होता. मुंगीने तो सोडवला आणि नवी स्क्रीन उलटी करून शेजारी ठेवली. क्षणभर तिने दोन्ही जोडांकडे बघितलं. मग पुन्हा बघितलं. नव्या स्क्रीनचा जोड रुंद होता. त्यात जुनी वायर म्हणजे मोठ्या माणसाच्या बुटात लहान मुलाचा पाय.

“घास जरा,” बाबा म्हणाले.

“घासून नाही होत, बाबा. यात तारा जास्त आहेत. वीज भलतीकडे गेली तर सगळंच जळेल.”

बाबांनी एकेक स्क्रू पुठ्ठ्यावरून उपटून लॅपटॉप होता तसा बंद केला. फुटकी स्क्रीन पुन्हा आत घातली, उघडं यंत्र ठेवायचं नाही म्हणून. मुंगीने मागचा नंबर टिपून घेतलाच होता. तिने चुकीची स्क्रीन परत पाठवली आणि बरोबर नंबरची मागवली. त्या नंबरचा माल शिल्लक नव्हता. आला की पाठवू, असं उत्तर आलं.

वरवर बघता ते दिवस सोपे गेले. बाबा सकाळी उठून “आली का गं?” विचारायचे, मग दादाशेजारी बसायचे. मुकादमाच्या बाहीनंतर त्यांनी कारखान्यातल्या आगीची गोष्ट सांगितली, मग मालकाच्या मुलाची, मग आईला पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा पाटाऐवजी मांजरावर बसले त्याची. ही शेवटची गोष्ट मुंगीने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकली. “मांजर नव्हतं, उशी होती,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “उशी ओरडते का कधी?” बाबा म्हणाले.

पण मुंगीचे कान दुसरीकडे असायचे. दादाच्या बोलण्यातले कोपरे झिजायला लागले होते. आधी ‘र’ सैल झाला. मग ‘ट’ आणि ‘ड’ला जीभ वर जायची ती टाळूला न टेकताच परत यायची. वाक्याच्या शेवटी श्वास पुरेना, म्हणून शेवटचे शब्द नाकातून निघायचे. ती हे कुणाला सांगत नव्हती. प्रयोगशाळेत असती तर तिने याचा आलेख काढला असता, आणि रेघ कुठे जाते ते आलेख न काढताही तिला दिसत होतं. उरलेली वाक्यं रेघ तिथे पोचायच्या आत व्हायला हवी होती, एवढंच गणित होतं.

एकदा दादाच्या जुन्या शिकाऊंपैकी एकाचा फोन आला. मुंगीने फोन दादाच्या कानाशी धरला. पलीकडचा माणूस परवाना मिळाला म्हणून खुशीत होता. दादाने त्याचं अभिनंदन केलं, रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांकडे बघू नकोस असंही सांगितलं. त्यावर पलीकडून मोठं हसू आलं. “काय मास्तर, सकाळी सकाळीच बसलात का? मजा आहे बुवा!”

दादा हसला. त्याने मान हलवली, आणि मुंगीने फोन बंद केला.

“चांगला चालवतो तो,” दादा म्हणाला. “वळणावर घाई करतो फक्त.” एवढं बोलायला त्याला खूप वेळ लागला.

दुसरी स्क्रीन आली त्या दुपारी बाबांनी दाढी केली. पुन्हा पुठ्ठा, पुन्हा टाचणी, पुन्हा वाचनालयाचं कार्ड. या वेळी जोड कुलपात किल्ली जावी तसा आत गेला. मुंगीने वरची बारीक कडी खाली पाडली, चिकटपट्टी दाबली, बाबांनी बॅटरी सरकवली आणि तिच्याकडे बघितलं. तिने बटण दाबलं.

आधी काहीच झालं नाही. मग स्क्रीनच्या खालच्या कडेला उजेड फुटला आणि वर सरकत गेला. एकही डाग नाही, एकही रेघ नाही. फुटण्यापूर्वीपेक्षाही रंग चांगले होते.

“अगंबाई,” आई म्हणाली.

बाबांनी चारही कोपरे बसवले, चौकट दाबून बसवली, आणि रिकामा पुठ्ठा सर्वांना दिसेल असा टेबलावर उभा केला. “एक स्क्रू उरला नाही,” ते म्हणाले. “बघा. एकसुद्धा नाही.” मग ते हात धुवायला गेले. कारखान्याच्या सवयीने ते हात कोपरापर्यंत साबण लावून धुवायचे, त्याला वेळ लागायचा. आई त्यांना टॉवेल द्यायला आत गेली.

मुंगीने माइक दादाच्या शर्टाला लावला आणि प्रोग्रॅम उघडला. जिथे थांबले होते तिथलंच वाक्य समोर होतं. “टेकडीवरच्या टपरीत टोपली ठेव.”

दादाने वाचलं. प्रोग्रॅमने लाल पट्टी दाखवली. ‘पुन्हा वाचा.’

त्याने पुन्हा वाचलं. सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा उचलून, पायऱ्यांवरून जड ट्रंक उतरवतात तसा. लाल पट्टी. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि या वेळी पट्टीवरचा मजकूर बदलला. ‘आवाज आधीच्या नोंदींशी जुळत नाही. कृपया त्याच व्यक्तीने वाचावे.’

मुंगीने माइकची जागा बदलली. खिडकी लावली. पुढचं वाक्य घेतलं, त्याच्या पुढचं घेतलं. प्रोग्रॅमला जुन्या दादाची ओळख होती आणि हा दादा त्याला परका वाटत होता. मोजमाप म्हणून त्याचं चुकत नव्हतं, हे तिला समजत होतं. झालेल्या वाक्यांवर काही होण्यासारखं नव्हतं. तेवढ्यातून आवाज बनत नाही हे बाईंनी आधीच सांगितलेलं होतं.

स्क्रीनचा उजेड फार आहे असं वाटून तिने तो कमी करायला कीबोर्डवरची वरची कळ दाबली. बोट शेजारच्या कळेवर पडलं. स्क्रीनच्या कडेला एक चौकोन उघडला: ‘दुसऱ्या स्क्रीनवर दाखवा.’

ती त्या चौकोनाकडे बघत राहिली. मग तिने मान वर केली. समोरच्या भिंतीवर टीव्ही होता. त्याच्या खालून जोडायची वायर लोंबत होती, लॅपटॉपच्या कडेला असलेल्या भोकात सहज गेली असती अशी. इतके दिवस ते तिघं त्या टीव्हीसमोर बसून स्क्रीनची वाट बघत होते. फुटलेली वस्तू दुरुस्त करायची, या घरात एवढाच एक विचार यायचा. तीही याच घरातली होती.

“दादा,” ती म्हणाली. तिने नुसतं टीव्हीकडे बोट केलं.

त्याने बोटाच्या दिशेने बघितलंसुद्धा नाही. “माहीत होतं,” तो म्हणाला.

“काय माहीत होतं?”

“जोडता येतो. मोटारच्या शाळेत आम्ही… रस्त्याचे नियम… टीव्हीवरच दाखवायचो. लॅपटॉप लावून.”

“मग बोलला का नाहीस? दादा, तेव्हा तुझा ‘र’ धड होता. ‘ट’ होता. सगळं झालं असतं!”

मोरीतून पाण्याचा आवाज येत होता. दादाने श्वास गोळा केला. जे बोलला ते तुकड्यातुकड्यांनी, मध्ये थांबत बोलला, आणि मुंगीने ते न तोडता ऐकलं. रोज सकाळी ती वाक्यं वाचायची म्हणजे रोज स्वतःला थोडं कमी होताना ऐकायचं. स्क्रीन फुटली तेव्हा त्याला बरं वाटलं होतं, दोन दिवस सुट्टी मिळाल्यासारखं. दोन दिवसांनी सांगणार होता.

“मग बाबा येऊन बसले,” तो म्हणाला. “शेजारी. बोलायला लागले. टीव्ही लावला असता तर… ते गॅलरीत गेले असते.”

“त्यांना बसवून ठेवायला स्वतःचा आवाज घालवलास?”

“उद्या सांगू, उद्या सांगू… करत राहिलो.” त्याने खांदा उचलायचा प्रयत्न केला. “तूच म्हणतेस ना, मोजून बघ. मी मोजलं नाही.”

मुंगीला त्याच्यावर ओरडायचं होतं. तो बसला होता त्या खुर्चीला लाथ मारायची होती. तिने त्याच्या हनुवटीवरची लाळ पुसली.

बाबा हात पुसत बाहेर आले. “काय? चालतंय ना?”

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

“चालतंय,” दादा म्हणाला. बाबांना ते पहिल्यांदा कळलं नाही, म्हणून मुंगीने पुन्हा सांगितलं. “चालतंय म्हणतो, बाबा.”

पुढे दादाचं बोलणं मुंगीशिवाय कुणाला समजेना, आणि मग तिलाही अंदाजाने घ्यावं लागायला लागलं. तेव्हा बाईंनी फोनवर सांगितलं की प्रोग्रॅममध्ये तयार आवाज असतात, त्यातला एक घ्या. पुरुषाचे दोन होते. मुंगीने लॅपटॉप दादाच्या मांडीवरच्या फळीवर ठेवला. बाबा शेजारी बसले. निमित्ताला उघडं यंत्र नव्हतं, तरी बसले.

पहिला आवाज ऐकून बाबा म्हणाले, “हा बरा आहे. सुशिक्षित वाटतो.”

“हा कर्ज नाकारणारा वाटतो,” मुंगी म्हणाली.

दुसरा आवाज तरुण होता, मऊ, नीट घडी घातल्यासारखा. दादाने डोळ्यांनी होकार दिला. मग त्याचं एक बोट कीबोर्डवर उतरलं. बोट एका कळेवरून उठून पुढच्या कळेवर पोचेपर्यंत बाबा श्वास धरून बसायचे. शेवटी त्याने बोलण्याचं बटण दाबलं.

“आई, जेवायला काय आहे?” लॅपटॉप म्हणाला.

स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं. “कोण आलंय?” आईने आतून विचारलं.

आई पाण्याचा पेला घेऊनच बाहेर आली, केस सारखे करत, आणि दाराकडे बघितलं. दार बंद होतं. दादाने पुन्हा बटण दाबलं. आवाजाने तेच, त्याच सुरात, पुन्हा विचारलं.

आईने लॅपटॉपकडे बघितलं, मग बाबांकडे. “अहो,” ती म्हणाली, “याला मला आई म्हणायला कुणी सांगितलं?”

बाबा पुठ्ठा शोधत असल्यासारखे टेबलाखाली वाकले. मुंगी काहीतरी बोलणार होती, पण दादाचं बोट पुन्हा हललं. ते वाक्याच्या सुरुवातीला गेलं, पुसायच्या कळेवर टेकलं, निसटलं, पुन्हा टेकलं. पहिला शब्द गेला. मग त्याने बटण दाबलं.

“जेवायला काय आहे?”

आईने पेला टेबलावर ठेवला आणि पदराला हात पुसले.

“कालचीच भाजी आहे,” ती लॅपटॉपला म्हणाली.